ठासणीच्या बंदुकीत नेमकी कोणती दारू भरावी? (एकनळी, टोपीची, बारा बोअर)

सड्यावरची_बाग

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात सड्यावर काजू-आंबा आणि खाली मळ्यात भात, असं क्षेत्र आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना वडिलांच्या नावावरून आता माझ्या नावावर झाला आहे. बंदूक ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची), एकनळी, टोपीवर (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीवर) उडणारी. नळीचं तोंड आतून साडेअठरा मिलीमीटर भरतं, म्हणजे बारा बोअर. निवडणुकीसाठी ठाण्यात जमा होती, ती परत आणली आहे.

परवानाधारक दुकानात दारूचे दोन प्रकार दाखवले, एक जाड दाण्याची आणि एक बारीक. दोन्ही काळ्या, चमकदार. कोणती घ्यावी? किती भरावी? वडील चिमटीने अंदाज घेऊन भरत, पण मला मोजून भरायचं आहे. गावात एकजण म्हणतो की काडतूस फोडून त्यातली दारू निम्म्या मापाने घातली तर धूर होत नाही आणि नळी घाण होत नाही. हे खरं का? घरी गेल्या पावसाळ्याआधीची थोडी दारू बाटलीत शिल्लक आहे, तिचे गोळे झालेत. उन्हात वाळवली तर चालेल का? वर दाबायला काथ्याचा बोळा वापरतात तो ठीक की दुसरं काही?

काम मुख्यतः माकडं आणि डुकरं हाकलायचं आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

गज_आणि_चिंधी

आधी सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचं नंतर. काडतुसातली दारू ठासणीच्या बंदुकीत घालायची नाही. निम्मी नाही, पाव नाही, चिमूटभर काळ्या दारूत मिसळूनही नाही. गावात हे सांगणारा माणूस वाईट हेतूने सांगत नसेल, पण या एका सल्ल्याने नळ्या फाटतात आणि डाव्या हाताची बोटं जातात.

कारण समजून घ्या. काळी दारू उघड्यावर जळते आणि नळीत कोंडून जळते, यात तिच्या जळण्याच्या वेगात फरक पडतो, पण मर्यादित. म्हणून तिचा दाब एका हद्दीत राहतो. काडतुसातली निर्धूर दारू (दुकानदार तिला नायट्रो पावडर म्हणतात) दाबावर जगते. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. काडतुसाच्या बंदुकीत कवच, प्रायमर (पेटवणारी टोपी), डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा), छर्‍यांचं वजन हे सगळं तिच्यासाठी मोजून ठरवलेलं असतं. ठासणीत तुम्ही हाताने ठासता, निप्पलचं (टोपी बसते त्या बोंडीचं) भोक उघडं असतं, मागचा बूच आट्यांवर धरलेला असतो. ही रचना त्या दाबासाठी केलेलीच नाही. शिवाय निर्धूर दारू जवळजवळ पूर्ण वायूत बदलते. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग घन राहतो, तोच धूर आणि तीच काजळी. म्हणजे धूर नाही आणि नळी घाण होत नाही हा जो गुण तो सांगतो, त्याच गुणातून नळी फाटते.

निम्मं माप घेतलं की निम्मा दाब, असंही होत नाही. कमी भरलेली निर्धूर दारू कधी नीट पेटत नाही, कधी एकदम पेटते. पहिले दहा बार सुरळीत गेले म्हणून अकरावा जाईल याचा भरवसा नाही, आणि त्या दहा बारांनी आट्यांवर काय ताण दिला ते बाहेरून दिसत नाही.

आता रंगाची गोष्ट. तुम्ही "दोन्ही काळ्या, चमकदार" असं लिहिलंत. रंगावर जाऊ नका. निर्धूर दारूलाही ग्राफाइटचा मुलामा असतो, तीही काळी-करडी आणि चमकदार दिसते. दाण्याचा आकार बघा. काळ्या दारूचे दाणे फोडलेल्या कोळशासारखे, कोपरे असलेले, एकसारखे नसलेले असतात. निर्धूर दारूचे दाणे साच्यातून काढल्यासारखे असतात: चपट्या गोल टिकल्या, बारीक नळकांडी, चौकोनी पापुद्रे किंवा गुळगुळीत गोळ्या. आणखी एक साधी खूण: चार दाणे बशीत पाण्यात टाका आणि बोटाने चोळा. काळी दारू विरघळते-विस्कटते, बोट शाईसारखं काळं होतं. निर्धूर दारू पाण्यात तशीच्या तशी राहते. पण ही खूण फक्त नाकारण्यासाठी. "विरघळली म्हणजे चांगली" असा अर्थ नाही. भरायची ती मूळ बंद डब्यातली, लेबल असलेली, परवानाधारक दुकानातून पावतीवर घेतलेली. सुट्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली, कोणी "चांगली आहे" म्हणून दिलेली दारू नळीत जाता कामा नये.

जाड की बारीक, याचं उत्तर. काळी दारू पृष्ठभागावरून आत जळत जाते. दाणा बारीक, तर एकूण पृष्ठभाग जास्त, जळणं झपाट्याने, दाब लवकर चढतो. दाणा जाड, तर उलट. जगभर दाण्याची जाडी एफ या अक्षराने मोजतात. एक एफ सर्वांत जाड, साधारण सव्वा ते पावणेदोन मिलीमीटर, म्हणजे बारीक मोहरीएवढी. ती मोठ्या तोंडाच्या जुन्या मस्केटांना आणि लहान सलामीच्या तोफांना. दोन एफ साधारण 0.6 ते 1.2 मिलीमीटर, जाड रव्यासारखी. तीन एफ 0.3 ते 0.8 मिलीमीटर, बारीक रव्यासारखी. चार एफ बारीक मिठासारखी, ती फक्त चकमकीच्या बंदुकीच्या कानात (नळीच्या भोकाशेजारच्या वाटीत) ठिणगी धरायला, मुख्य बारात कधीच नाही.

तुमच्या बारा बोअरला दोन एफ. म्हणजे जाड रवा. पाकिटावर एफ छापलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा आणि पांढऱ्या कागदावर दाणे पसरून मोजपट्टीशेजारी बघा. तीन एफ लहान तोंडाच्या रायफलींना आणि पिस्तुलांना योग्य. बारा बोअरमध्ये ती चालवायचीच झाली तर माप दहा ते पंधरा टक्के कमी करावं लागतं, आणि जाड मिळत असताना ती घेण्याचं कारण नाही.

जाड दारू पाट्या-वरवंट्यावर किंवा खलबत्त्यात बारीक करू नका. घर्षणाने पेटते. डब्याच्या तळाशी जमलेली भुकटीही भरू नका. तिचा दाणा उरलेला नसतो, त्यामुळे ती कशी जळेल ते सांगता येत नाही.

---

खाडीपलीकडचा

वरच्यांनी दोन एफ सांगितली ते बरोबर. पण लांब नळी असेल तर एक एफ अधिक चांगली चालते असं ऐकलं आहे. प्रश्नकर्त्याची नळी किती लांब?

---

गज_आणि_चिंधी

नळीची लांबी दुय्यम, भाऊ. दाणा ठरतो तो नळीच्या तोंडाच्या व्यासावर आणि समोरच्या वजनावर. लांब नळीत जाड दारूला जळायला थोडा अधिक वेळ मिळतो एवढं खरं, पण बारा बोअरमध्ये 30 इंच असो की 36, दोन एफ योग्यच. एक एफ भरली तर चालेल, मात्र वेग कमी मिळेल आणि न जळलेले दाणे तोंडातून बाहेर पडताना दिसतील. वाळलेल्या गवतावर ते नको.

---

मालवणी_गडी

माका एकच सांगूचा आसा. गावात काय जाणा सुतळी बॉम्बातली नायतर फटाक्यातली दारू काढून बंदुकीत घालतत. तां करू नकात. तां दारू नाय, तां बॉम्बच आसा. आणि काडेपेटीच्या काड्यांची गुला खरवडून भरतत, ती गजान ठासतानाच पेटता. हात गजावर आणि तोंड नळीवर. समजून घेवा.

---

चिरेखाण_कट्टा

मालवणी_गडी यांचा मुद्दा नीट उलगडायला हवा. आवाजी फटाक्यांतल्या मिश्रणात बहुधा अॅल्युमिनियमची भुकटी असते. ते दाणेदार नसतं, धुळीसारखं असतं आणि कोंडलं की जळत नाही, फुटतं. काडीच्या गुलात क्लोरेट असतं. क्लोरेट गंधकाबरोबर घासलं किंवा ठोकलं गेलं की ठिणगीशिवाय पेटतं, आणि ठासणं म्हणजे नेमकं ठोकणंच. तिसरी तशीच वाईट सवय म्हणजे काळ्या दगडाच्या खाणीतली सुरुंगाची दारू आणणं. सुरुंगाची रसायनं खडक फोडण्यासाठी असतात, नळीतून छर्रे ढकलण्यासाठी नसतात. शिवाय परवान्याबाहेर स्फोटक बाळगणं हा वेगळा गुन्हा होतो.

आता मोजमापाकडे. काळी दारू मापाने म्हणजे आकारमानाने मोजतात. जगात तिचं एकक ग्रेन. एक ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन. जुन्या मापावर "ड्रॅम" लिहिलेलं असतं, एक ड्रॅम म्हणजे 27.3 ग्रेन, पावणेदोन ग्रॅमच्या किंचित वर. हे ग्रेन आणि धान्याचा दाणा यांचा संबंध लावू नका. "साठ ग्रेन म्हणजे साठ दाणे" असा घोळ घालणारे भेटतात.

बारा बोअरचा प्रमाण बार: पावणेतीन ते तीन ड्रॅम, म्हणजे 75 ते 82 ग्रेन दोन एफ, आणि त्यावर सव्वा औंसाच्या आतले, सर्वसाधारणपणे 32 ग्रॅम छर्रे. पण ही चांगल्या स्थितीतल्या, तपासलेल्या बंदुकीची वरची हद्द धरा. जुन्या नळीला सुरुवात 60 ते 65 ग्रेन (चार ग्रॅमच्या आसपास) आणि 28 ग्रॅम छर्‍यांवर करावी. शेतीच्या कामाला तेवढं पुष्कळ होतं. बंदूक बनवणाऱ्याने नळीवर किंवा कागदावर काही माप दिलं असेल तर तेच अंतिम, माझे आकडे नाहीत.

एक सोपा नियम पूर्वीपासून चालत आला आहे: दारूचं आणि छर्‍यांचं आकारमान सारखं. एकच पितळी माप. त्यात सपाट भरून दारू, त्याच मापाने सपाट भरून छर्रे. 70 ग्रेनच्या मापात छर्रे भरले तर ते 28 ग्रॅमच्या थोडे वरच भरतात, म्हणजे जोड जमते. छर्रे तेच ठेवून दारू वाढवली की छर्‍यांचा फराटा विस्कटतो, मध्ये भोक पडतं. दारू तीच ठेवून छर्रे वाढवले तर दाब चढतो आणि धक्का खांद्यात बसतो. "डुक्कर मोठं आहे म्हणून दीडपट" ही सवय दोन्हीकडून वाईट.

माप बनवायचं तर पितळी किंवा तांब्याची नळी घ्या, लोखंडी नको. कोरडी, एका बाजूने बंद. तागडीवर चार ग्रॅम दारू तोलून त्यात ओता, टिचकी न मारता कडेबरोबर येईल तिथे कापा किंवा खूण करा. दर वेळी तसंच भरायचं: ओतायचं, कार्डाच्या काठाने सपाट करायचं, ठोकून बसवायचं नाही. टिचकी मारून बसवलेल्या मापात आठ-दहा टक्के जास्त दारू मावते. वडिलांची चिमूट त्यांच्या हाताला ठाऊक होती. ती तुमच्या हाताला होईपर्यंत माप सोडू नका.

आणि शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतायचं कधीच नाही. आधीच्या बाराचा जळका कण नळीत उरला असेल तर मापातली चार ग्रॅम भडकेल. थेट ओतलं तर हातातला सगळा डबा भडकतो.

---

सड्यावरची_बाग

खूप आभार. पितळी माप करून घेतो. काडतुसाचा विषय मनातून काढला. अजून तीन गोष्टी: बोळा कशाचा, बंदूक भरलेली आहे की रिकामी हे खात्रीने कसं ओळखायचं (ठाण्यातून आणल्यापासून हात लावलेला नाही), आणि ते बाटलीतले गोळे.

---

चिरेखाण_कट्टा

भरलेली की रिकामी हे आजच, या क्षणी बघा, बाकी सगळं नंतर. टोपी काढलेली, घोडा अर्ध्यावर, तोंड माणसांपासून दूर. गज नळीत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा. तो गज बाहेर काढून नळीच्या शेजारी ठेवा. गजाचं टोक निप्पलच्या पातळीपर्यंत पोहोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडे थांबत असेल तर नळी भरलेली आहे असंच धरा. काही नळ्यांत मागे अरुंद कोठी असते, तिथे गजाचा जाड डोका थोडा आधी अडतो, म्हणून एकदा रिकामी आहे याची पक्की खात्री झाली की गजावर तोंडाच्या पातळीला कायमची एक रेघ ओढा. बार भरून झाल्यावर दुसरी रेघ. पुढे दोन रेघांवरून कळतं: पहिली नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी, दुसरी तोंडाशी आली तर भरलेली, दुसरीही तोंडाच्या वर राहिली तर डाट खाली बसलेला नाही किंवा दोन बार पडलेत.

भरलेली निघाली तर फोडून काढायचा प्रयत्न नको. नळीत पाणी ओता, निप्पलमधून पाझरू द्या, 10-15 मिनिटं मुरू द्या, मग गजाला मळसूत्री आकडा लावून डाट ओढा. जमत नसेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या. तसंही वर्षानुवर्षं पडून राहिलेली बंदूक पहिल्या बाराआधी त्याच्याकडून तपासून घ्यावीच. नळीवर कुठे फुगवटा, आत खोल गंजाचे खड्डे, मागच्या बुचाच्या आट्या, निप्पलच्या आट्या. निप्पल हाताने डुलत असेल तर ती बंदूक उडवायची नाही.

बोळ्याबद्दल. काथ्या घट्ट बसतो, स्वस्त मिळतो हे कबूल. पण काथ्या धुमसत बाहेर पडतो. फेब्रुवारी ते मे काजूच्या बागेत वाळलेला पाला घोट्याएवढा असतो, सड्यावरचं गवत कुडकुडीत वाळलेलं. बाराच्या धुराकडे बघत राहिलात तर पंधरा पावलांवर पडलेला बोळा दिसत नाही आणि अर्ध्या तासाने वणवा दिसतो. वर्तमानपत्राचा बोळाही तसाच. जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या आणि नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती वापरा. दारूवर एक घट्ट जाड चकती, तिच्यावर नमदा, मग छर्रे, शेवटी एक पातळ चकती फक्त छर्रे घरंगळू नयेत म्हणून. व्यास तोंडापेक्षा किंचित मोठा, 18.5 च्या नळीला 19 चा पंच.

नमद्याला मधमाशीचं मेण आणि खोबरेल एकत्र वितळवून लावा. थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून मेण कमी-जास्त करावं लागतं. भिरंडेलही (कोकमाचं तेल) चालतं. गाडीचं इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, ते काळ्या दारूबरोबर जळून डांबरासारखा थर धरतं. चुकूनही मेणाची चकती दारूला थेट लावू नका, मध्ये कोरडा पुठ्ठा हवाच, नाहीतर दारू तेल पिते.

सगळ्यात मोठा नियम: दारू, चकती आणि छर्रे यांच्यामध्ये हवेची पोकळी राहता कामा नये. डाट वर अडकून राहिला आणि बार उडाला, तर दाबाची लाट त्या अडकलेल्या जागेवर आदळते आणि नळीला तिथेच कडं पडतं किंवा ती फाटते. गज घट्ट टेकेपर्यंत दाबायचं, पण हातोड्यासारखं ठोकायचं नाही. दाणे चुरले की त्यांची जाडी बदलते, मग माप मोजून काय उपयोग?

---

दमट_हवा

गोळ्यांचं मी सांगतो. टाकून द्या.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा खूप असतो, वर खारा वारा. ओलावा शिरला की दारूतला सोरा विरघळतो आणि वाळताना दाण्याच्या पृष्ठभागावर वेगळा होऊन बसतो. कोळसा आणि गंधक मागे राहतात. म्हणजे बाटलीत दारूसारखं दिसणारं जे उरतं, त्याचे घटक आता एकजीव नसतात. उन्हात वाळवून पाणी जातं, मिश्रण परत जुळत नाही. गोळ्यावर पांढरट खारं दिसत असेल तर बघण्यासारखंही काही उरलेलं नाही. असली दारू कधी फुसकी जाते, कधी उशिरा पेटते. फुसका बार म्हणजे अर्ध्या नळीत अडकलेला डाट, आणि त्याच्यावर दुसरा बार.

टाकून द्यायचं म्हणजे चुलीत नाही, होळीत नाही. बादलीभर पाण्यात थोडी थोडी घालून ढवळा, सोरा पाण्यात जातो. खाली बसलेला गाळ ओलाच असताना पुरा, विहिरीपासून लांब. बाटली मोठी असेल, म्हणजे चिमूटभर नाही तर किलोच्या भाषेतली असेल, तर हात न लावता दुकानदाराला किंवा ठाण्याला विचारा.

नवी साठवताना: मूळ डब्यात, तो डबा कोरड्या लाकडी पेटीत, पेटी घराच्या भिंतीआडच्या थंड कोपऱ्यात. चुलीजवळ नाही, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात नाही (निरांजन तिथेच असतं). जाड लोखंडी, घट्ट झाकणाच्या पेटीत तर मुळीच नाही. उघडी दारू पेटली तर भडका होतो, लोखंडात कोंडलेली पेटली तर तो सुरुंग होतो. टोप्या वेगळ्या खोलीत ठेवा. आणि पावसाळ्यात लागेल तेवढीच घ्या, वर्षभराची एकदम भरू नका. डबा उघडलात की काम झाल्या झाल्या बंद. भर पावसात पडवीत डबा उघडा ठेवून गप्पा मारत बार भरणं म्हणजे ओलावा आमंत्रण देऊन बोलावणं.

भरलेली बंदूक रात्रभर खुंटीला टांगून ठेवायची पद्धत काही घरांत आहे. दारू निप्पलच्या भोकातून ओलावा ओढते, डाट ढिला होतो, घरात लेकरं असतात. रिकामी ठेवा.

---

सड्यावरची_बाग

समजलं. टाकतो. एक शंका: टोपी फुटते पण बार लगेच जात नाही, एक क्षण थांबून जातो, असं वडिलांच्या वेळी व्हायचं. दारू खराब की बंदूक?

---

गज_आणि_चिंधी

बहुतेक वेळा निप्पलचा रस्ता. काजळी किंवा तेल साचलं की टोपीची ज्योत दारूपर्यंत उशिरा पोहोचते. दारू बदलण्याआधी हे करा: भरण्यापूर्वी रिकाम्या बंदुकीवर एक-दोन टोप्या उडवा, नळीचं तोंड जमिनीवरच्या एका वाळक्या पानाजवळ धरून. पान हललं तर रस्ता मोकळा. हललं नाही तर बारीक तार निप्पलमधून फिरवा. या टोप्यांनी नळीतलं साठवणीचं तेलही जळून जातं. ते न करता दारू ओतली तर पहिली चिमूटभर दारू तेलात भिजते, आणि दोष दारूला जातो.

टोपी निप्पलवर घट्ट बसते का तेही बघा. 10 आणि 11 नंबरच्या टोप्या दिसायला सारख्याच. सैल बसली तर घोड्याच्या पहिल्या ठोक्यात ती नुसती दबते. गंजलेल्या, हिरवट पडलेल्या टोप्या वापरू नका.

टोपी फुटली आणि काहीच झालं नाही तर बंदूक तशीच समोर, मोकळ्या दिशेला धरून दोन मिनिटं थांबा. मनात मोजा, घड्याळ नसेल तर एकशे वीसपर्यंत. नळीत डोकावायचं नाही, फुंकर मारायची नाही. मग नवी टोपी. परत फसलं तर निप्पल टोचा, पुन्हा टोपी. तरीही नाही, तर वर सांगितलं तसं पाणी.

काळी दारू वापरायची म्हणजे धुणं आलंच, त्याच दिवशी. काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात. देवगडच्या खाऱ्या हवेत रात्रीतून नळीत तांबूस थर दिसतो. निप्पल काढा, नळीचं मागचं टोक बादलीत धरून चिंधीने साबणाचं गरम पाणी पिचकारीसारखं आत-बाहेर खेळवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी चांगलं कढत, म्हणजे नळी तापते आणि आपोआप वाळते. कोरड्या चिंध्या, मग पातळ तेलाचा हात. निप्पल परत बसवताना त्याच्या आट्यांवर किंचित मेण लावा, पुढच्या वेळी जाम होत नाही. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी पुन्हा फिरवून बघा. तांबडी आली तर धुणं अपुरं झालं होतं.

लागोपाठ बार काढायचे असतील तर तीन-चार बारांनंतर ओलसर चिंधी फिरवा, नाहीतर गज मधेच अडतो आणि डाट पोकळीवर बसतो. दोन बारांमध्ये किमान मिनिटभर जाऊ द्या.

---

खाडीपलीकडचा

एक विचारतो. परदेशी व्हिडिओंत पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन अशी नावं येतात. ती निर्धूर आहेत का? आणि आजोबांची चकमकीची बंदूक असेल तर?

---

चिरेखाण_कट्टा

निर्धूर नाहीत. काळ्या दारूऐवजी वापरायला बनवलेली दारू आहे, ठासणीच्या दाबासाठीच. पण तिचे नियम वेगळे. वजनाने मोजायची नाही, काळ्या दारूच्या मापाने आकारमान घ्यायचं, कारण पायरोडेक्स हलकी आहे. तेवढंच वजन तोललं तर बार जास्त होतो. ट्रिपल सेव्हन अधिक जोरकस, तिचं माप पंधरा टक्के कमी. दोन्ही पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता मागतात, म्हणून चकमकीच्या बंदुकीत त्या भरवशाच्या नाहीत. चकमकीला खरी काळी दारूच, कानात चार एफ आणि नळीत तिच्या तोंडाप्रमाणे. कान काठोकाठ भरू नका, अर्धाच. भरगच्च भरला तर ज्योत भोकातून आत उडी मारायच्या ऐवजी वात जळल्यासारखी सरकत जाते आणि बार उशिरा होतो.

---

परवाना_पुस्तिका

तांत्रिक बाजू सगळी आली, कागदाची राहिली. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 13 खाली खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तुमचा परवाना त्याच धर्तीचा. त्यावर दारू, टोप्या आणि छर्रे किती बाळगता येतील ते लिहिलेलं असतं. दुकानातून घेताना नोंद करून घ्या. शेजाऱ्याला वाटीभर दारू उसनी देणं हे मिठासारखं उसनवारीचं काम नाही, दोघंही अडचणीत येतात.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. तुम्ही हाकलायचं म्हणालात ते योग्य आहे.

---

चिरेखाण_कट्टा

त्याला धरूनच. नुसतं हाकलायचं असेल तर छर्रे लागतच नाहीत. 45 ते 50 ग्रेन दोन एफ, वर एक जाड पुठ्ठ्याची चकती घट्ट बसवलेली, तोंड आकाशाकडे तिरकं. आवाज दारू वाढवून येत नाही, चकती घट्ट बसल्याने येतो. ती चकतीही पाच-सात पावलांवर माणसाला जखम करते, म्हणून समोर कोणी नको, आणि बाराआधी खाली पाला नाही हे बघून पाण्याची कळशी हाताशी ठेवा.

---

सड्यावरची_बाग

गज घालून बघितला. शेजारी ठेवल्यावर निप्पलपासून साडेतीन इंच अलीकडे थांबतो. टोपी नाही. नळीत आत्ताच पाणी ओतलं आहे आणि निप्पलखाली काळं पाणी पाझरतंय. उद्या दुरुस्तीवाल्याकडे नेतो.

---

गज_आणि_चिंधी

ठीक केलंत. नेताना तोंड वर, निप्पलवर चिंधी बांधून, नळीत पाणी तसंच ठेवून न्या. त्याला सांगा की बार आत आहे आणि भिजवलेला आहे. परवाना सोबत.